भिंतीतलं भोक, केबल आणि नॉईज : वाचकांचे प्रश्न

पाऊस तोंडावर आला की दरवर्षी एकच प्रश्न वेगवेगळ्या गावातून येतो, भिंतीतलं केबलचं भोक कशानं बुजवायचं. यंदा मात्र बेळगावचं उद्यमबाग, चिकोडी, खानापूर, निपाणी, सगळीकडच्या पत्रात त्याला जोडूनच दुसरी तक्रार आहे, भोक बुजवलं तरी नॉईज, म्हणजे सिग्नलमध्ये शिरणारा नको असलेला विजेचा गोंधळ, काही जात नाही. म्हणून या वेळी सगळी पत्रं याच विषयावरची घेतलीत. प्रश्न थोडे छोटे केलेत, पण शब्द ज्याचे त्याचेच ठेवलेत.

प्रश्न : नमस्कार सर. उद्यमबागेत आमची छोटी फौंड्री आहे. हीट ट्रीटमेंट भट्टीला लागूनच कंट्रोल रूम, मधे चिऱ्याची भिंत, त्या भिंतीला फूटभर रुंद आणि सहा इंच उंच भोक, आणि त्यातून सगळ्या केबली येतात, थर्मोकपलच्या (भट्टीचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या) पण आणि ब्लोअर मोटरच्या पण. ब्लोअरला ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावल्यापासून टेंपरेचरचं रीडिंग दहा-बारा डिग्री उड्या मारतंय. एकजण म्हणाला भोकातून नॉईज येतोय, फोम मारा. मारला, काही फरक नाही. आता दुसरा म्हणतोय शिल्डिंगवाली (लहरी अडवणारी धातूची) फ्रेम बसवा, पण त्याचा खर्च बराच आहे. बसवू का?

उत्तर : बसवू नका, निदान आत्ता तरी नको. तुमची भिंत चिऱ्याची आहे, आणि चिरा काय, वीट काय, सिमेंटचा ब्लॉक काय, रेडिओ लहरींना यातलं काहीच धडपणे अडवत नाही, मोबाईल घरात लागतो तो त्यामुळंच. मग अख्खी भिंत जर त्या लहरींना उघडीच आहे तर त्यातल्या फूटभर भोकाला धातूची महागडी फ्रेम लावून काय मिळणार? शिल्डिंगच्या फ्रेमला अर्थ येतो तो भिंत स्वतः धातूची असली की, म्हणजे पत्र्याची केबिन, कंटेनर, शेल्टर, नाहीतर पॅनेलची बॉडी.

तुमच्याकडं नॉईज भोकातून येतच नाहीये, तो वायरवरून चालत येतोय. पाणी भोकातून येतं, उंदीर भोकातून येतो, आगीचा धूर भोकातून येतो, पण नॉईजला भोक लागत नाही, त्याला केबल मिळाली की बास. ही एक गोष्ट पक्की समजली की बाकीचं काम सोपं होतं, म्हणून मी एवढं घोळून सांगतोय.

आता हे रीडिंग का नाचतं ते बघा. के टाईप थर्मोकपल एका डिग्रीला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं. म्हणजे अर्धा मिलिव्होल्ट जरी बाहेरून शिरला तरी डिस्प्लेवर बारा डिग्रीचा फरक दिसणार. आणि शेजारी काय आहे, तर ड्राइव्हपासून मोटरला जाणारी केबल, जिच्यावर पाचशेच्या वर व्होल्ट सेकंदाला काही हजार वेळा चालू-बंद होतायत, आणि प्रत्येक चालू-बंद एका मायक्रोसेकंदाच्या आतच होतंय. अशा तीव्र धारेतनं निघणारा नॉईज पार काही दहा मेगाहर्ट्झपर्यंत पसरतो. या दोन केबली एकाच ट्रेमधून, एकाच भोकातून, अंगाला अंग लावून दहा-वीस मीटर आल्या तर दुसरं काय होणार.

तेव्हा पहिलं काम, दोघींना वेगळं करा. मोटरची केबल वेगळ्या ट्रेमधून, थर्मोकपलची वेगळ्या, मधे निदान फूटभर अंतर, आणि कुठं ओलांडायचंच झालं तर काटकोनात ओलांडा. भिंतीला दुसरं भोक पाडायला कोअर कटिंगवाला अर्ध्या दिवसात येऊन जातो, त्याचा खर्च तुमच्या त्या फ्रेमपुढं काहीच नाही.

दुसरं काम मोटरच्या केबलचं. ती शिल्डवाली, म्हणजे आवरणाखाली धातूची जाळी असलेली घ्या आणि शिल्ड दोन्ही टोकांना, ड्राइव्हकडं पण आणि मोटरकडं पण, अर्थ करा, म्हणजे अर्थिंगला जोडा. आणि इथंच बहुतेक जण चुकतात, शिल्डची जाळी सोडवतात, पिळून तिची शेपटी करतात, तिला लग मारतात आणि लांब कुठंतरी अर्थ बारवर नेऊन आवळतात. दिसायला व्यवस्थित दिसतं, मल्टिमीटर लावला तर शून्य ओहम दाखवतो. पण वायरला इंडक्टन्स असतो, म्हणजे फ्रिक्वेन्सी वाढेल तसा वाढत जाणारा अडथळा, साधारण एका सेंटिमीटरला १० नॅनोहेन्री धरा. दहा सेंटिमीटरची शेपटी म्हणजे १०० नॅनोहेन्री. ५० हर्ट्झला हे काहीच नाही, ओहमचा दहा हजारावा हिस्सापण धड भरत नाही असं समजा. पण १० मेगाहर्ट्झला तीच शेपटी सहा ओहमच्या वर जाते. म्हणजे जो नॉईज अर्थला जावा म्हणून तुम्ही शिल्ड घेतलं त्याच्या वाटेतच तुम्ही बांध घातला. शिल्ड सगळीकडून, गोल, पूर्ण ३६० अंशात धातूला टेकलं पाहिजे, एकतर ईएमसी ग्लँडमधून (केबल आत घेताना शिल्डला चोहोबाजूंनी पकडणारी धातूची चकती-नट) नाहीतर शिल्ड क्लँपनं.

मी स्वतः हे खूप उशिरा शिकलो. बेळगावजवळ मच्छ्याकडं एका शेडमध्ये मशीनचा एनकोडर (मोटर किती फिरली ते सांगणारा सेन्सर) फॉल्ट यायचा, दर पाळीला दोन-तीनदा मशीन बंद. कार्ड बदललं, केबल बदलली, एनकोडर बदलला, मालकाचा पैसा पाण्यात. शेवटी एका रात्रपाळीला पॅनेल उघडून नुसतं बघत बसलो. शिल्डची शेपटी हातभर लांब, वर तिला नीट गोल गुंडाळून टायनं बांधलेली, बांधणाऱ्यानं मनापासून केलेलं काम होतं ते. ती कापून टाकली, केबलचं वरचं आवरण तीन सेंटिमीटर सोललं, माउंटिंग प्लेटवरचा रंग हॅकसॉ ब्लेडनं खरवडून चकचकीत पत्रा काढला आणि तिथंच क्लँपनं जाळी दाबून बसवली. तासाभराचं काम. त्यानंतर तो फॉल्ट आला नाही. रंगाचं तेवढं विसरू नका, पावडर कोटिंग वीज जाऊ देत नाही, त्यावर कितीही भारी ग्लँड आवळला तरी तो अर्थपासून तुटलेलाच राहतो.

थर्मोकपलच्या शिल्डचं मात्र थोडं वेगळं. ते इन्स्ट्रुमेंटच्या पॅनेलकडं अर्थ करा, भट्टीकडं मोकळं ठेवून इन्सुलेट करा, नाहीतर दोन अर्थमधल्या फरकानं शिल्डमधून करंट वाहतो आणि तो परत रीडिंगमध्ये शिरतो. आणि मधे कुठं साध्या तांब्याच्या वायरचा जोड दिलाय का ते पण बघा, के टाईपला के टाईपचीच काँपेन्सेटिंग केबल (त्या थर्मोकपलशी जुळणाऱ्या धातूंची) लागते, प्लस-मायनस जुळवून.

राहिलं ते भोक. तो फोम काढाच. साधा पीयू फोम जळतो, उंदीर तो रात्रीत पोखरतात, आणि भट्टीच्या शेजारी तो असणं मला मुळीच पटत नाही. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ मध्येपण केबलसाठीची भोकं आगीच्या दृष्टीनं संरक्षित ठेवायला सांगितलंय. रॉकवूल (दगडापासून केलेली न जळणारी लोकर) दाबून भरा आणि दोन्ही बाजूंनी फायर सीलंट नाहीतर फायर मॉर्टर लावा. पुढं-मागं केबल वाढणार असेल तर एक-दोन रिकामे स्लीव्ह, म्हणजे नळ्या, आत्ताच टाकून दोन्ही तोंडं बंद करून ठेवा, म्हणजे नंतर कोणी छन्नी घेऊन भिंत फोडणार नाही.

प्रश्न : चिकोडी भागातून लिहितोय. आमच्याकडं मोठ्या पॅनेलला सिंगल कोअर (आत एकच वाहक असलेल्या) ४०० स्क्वेअर मिलिमीटरच्या केबली आहेत. पावसाचं पाणी आणि नॉईज दोन्ही अडावं म्हणून खाली लोखंडी जाड प्लेट बसवली, प्रत्येक केबलला वेगळं भोक, वेगळा ग्लँड, एकदम टाईट काम. आता लोड घेतला की प्लेट एवढी तापते की रंग उडाला. ग्लँड सैल असतील का?

उत्तर : ग्लँड सैल नाहीत, प्लेटच चुकलीय, आणि कृपा करून हे पत्र वाचल्या वाचल्या लोड कमी करा. एका फेजचा करंट एकटाच लोखंडाच्या भोकातून गेला की त्याचं चुंबकीय क्षेत्र त्या भोकाभोवतीच्या लोखंडात फिरतं, एडी करंट (लोखंडातच गोल फिरणारे प्रवाह) आणि हिस्टरेसिस (लोखंड सतत उलटसुलट चुंबकित होणं) दोन्हीनं प्लेट शेगडीसारखी तापते, आणि त्या उष्णतेनं केबलचं इन्सुलेशन आतून म्हातारं होत जातं, वरून दिसत नाही. तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकाच भोकातून गेले तर त्यांची क्षेत्रं एकमेकांना मारतात, म्हणून तीन कोअरच्या केबलला हा त्रास होत नाही.

सिंगल कोअरला ग्लँड प्लेट ॲल्युमिनियमची घ्या, ग्लँड पितळी नाहीतर ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम चुंबकीय नाही पण वीज चांगली वाहतं, म्हणजे शिल्डिंगपण जात नाही आणि पाण्यालापण अटकाव राहतो. लोखंडी प्लेटच ठेवायची असेल तर भोकाभोकांच्या मधे चीर पाडतात, पण मग ती चीर परत पाण्यासाठी बंद करत बसावं लागतं, त्या भानगडीत पडू नका. अशा केबलला आर्मर, म्हणजे धातूच्या तारांचं कवच, असेल तर तोपण ॲल्युमिनियमचाच असायला हवा, लोखंडी तारेचा आहे का तपासा.

प्रश्न : काका, मी खानापूरचा, आयटीआय झालं, टॉवरच्या शेल्टरचं (टॉवरची यंत्रं ठेवायच्या पत्र्याच्या खोलीचं) काम करणाऱ्या कंत्राटदाराकडं लागलोय. शेल्टरच्या पत्र्याच्या भिंतीत केबलसाठी चौकोनी फ्रेम असते, त्यात रबराचे ठोकळे बसवतात. मोठी माणसं पटापट बसवून मोकळी होतात, विचारलं की म्हणतात बघून शिक. पावसात गळलं की नाव माझं येतं. नीट कसं बसवायचं सांगा की.

उत्तर : विचारलंस हे फार चांगलं केलंस बाळा. त्याला मल्टी केबल ट्रान्झिट म्हणतात, जहाजांच्या पोलादी भिंतींना अशाच फ्रेम असतात, एका खोलीतलं पाणी किंवा आग केबलच्या भोकातून दुसरीकडं जाऊ नये म्हणून. तुझ्याकडं भिंत धातूची आहे, म्हणजे वर उद्यमबागवाल्यांना मी जी फ्रेम नको म्हटलं ती इथं खरोखर उपयोगाची आहे.

प्रत्येक ठोकळा दोन अर्ध्यांचा असतो आणि आत कांद्यासारखे पापुद्रे. केबलच्या जाडीप्रमाणं दोन्ही अर्ध्यातले सारखेच पापुद्रे काढायचे. केबलवर दोन्ही अर्धे ठेवले की मधे अगदी किंचित फट दिसली पाहिजे, नखाच्या जाडीएवढी. फट नसेल तर दाबल्यावर केबल पकडली जाणार नाही आणि गळेल, फट जास्त असेल तर फ्रेममध्ये ठोकळे बसणारच नाहीत. गळण्याचं पहिलं कारण हेच, घाईत एकीकडं चार पापुद्रे आणि दुसरीकडं दोन. ठोकळ्याला आतबाहेर त्याचंच वंगण लावायचं, ग्रीस किंवा तेल नाही. थरावर थर, मधे पट्ट्या, आणि शेवटी वरचा दाबाचा ठोकळा सांगितलेल्या मापापर्यंत आवळायचा. न वापरलेल्या जागी आख्खे ठोकळे, कापूस-कपडा कोंबायचा नाही.

शिल्डिंगचा ठोकळा असेल तर त्याच्या आत चमकती पट्टी किंवा काळं वाहक रबर दिसेल. तिथं केबलचं वरचं आवरण गोल कापून शिल्डची जाळी उघडी करायची, नेमकी त्या पट्टीएवढी रुंद, म्हणजे जाळी पट्टीला, पट्टी फ्रेमला आणि फ्रेम भिंतीच्या पत्र्याला अशी अखंड साखळी लागते. जाळीच्या तारा तुटता कामा नयेत, ब्लेड हलक्या हातानं फिरव. आणि आवरण न काढताच शिल्डिंगचा ठोकळा बसवला तर पाणी अडेल पण नॉईजला काहीच होणार नाही, हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय. फ्रेम बोल्टची असेल तर मागचा रंग काढून वाहक गॅस्केट आहे का बघ.

तुमच्याकडचा पाऊस आडवा झोडपतो, तेव्हा केबल भिंतीत शिरायच्या आधी खाली झोल दे, म्हणजे पाणी झोलाच्या तळातून ठिबकून जाईल, केबलवरून ओघळत फ्रेमपर्यंत येणारच नाही. अँटेनाकडून येणाऱ्या कोॲक्स केबलचं (मधे एक तार, भोवती धातूचं कवच) बाहेरचं कवच आत शिरायच्या आधी, बाहेरच अर्थ पट्टीला जोडलेलं पाहिजे. वळवाच्या पावसात वीज पडते तेव्हा तो करंट बाहेरच्या बाहेर जमिनीत गेला पाहिजे, शेल्टरमध्ये येऊन मग वाट शोधत बसायला नको. अर्थ पट्टीला जाणारी तार आखूड आणि सरळ, वेटोळं नको.

प्रश्न : निपाणीहून. गच्चीवर सोलर बसवल्यापासून वडिलांच्या रेडिओवर दिवसभर घूं आवाज येतो, संध्याकाळी आपोआप जातो. वायर खाली येते ते भिंतीचं भोक सिमेंटनं भरलं, वर ॲल्युमिनियम फॉईल चिकटवलं. वडील ऐंशीचे आहेत, रेडिओ हाच त्यांचा विरंगुळा आहे.

उत्तर : संध्याकाळी जातो म्हणजे सोलरची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा इन्व्हर्टरच कारण आहे, ऊन गेलं की तो थांबतो. तुमचा रेडिओ मिडियम वेव्हचा असणार, ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ, आणि इन्व्हर्टरच्या स्विचिंगचा कचरा तिथंच येऊन पडतो. गच्चीवरून खाली आलेल्या डीसी वायरी त्याच्या अँटेना झाल्यात. फॉईलनं फरक पडणार नाही, ते सरळ काढून टाका.

आधी एक सोपी तपासणी करा. सेलवर चालणारा छोटा रेडिओ घ्या, स्टेशन नसलेल्या जागी लावा आणि इन्व्हर्टरपासून वायरीच्या कडेकडेनं चालत जा, आवाज कुठं वाढतो कळेल. मग वडिलांचा रेडिओ त्या भिंतीपासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, सेलवर लावून बघा, कधी कधी तेवढ्यानंच भागतं. नाही भागलं तर डीसीच्या प्लस आणि मायनस वायरी वेगवेगळ्या वाटेनं आल्या असतील तर त्या एकत्र, चिकटून आणायच्या, आणि इन्व्हर्टरजवळ दोन्ही वायरी मिळून एका मोठ्या फेराइटच्या (नॉईज अडवणाऱ्या चुंबकीय सिरॅमिकच्या) रिंगमधून चार-पाच वेढे घ्यायचे. वेढे दुप्पट केले तर अडथळा साधारण चौपट होतो, म्हणून एका वेढ्याची क्लिप लावून निराश होऊ नका. एसीच्या बाजूला पण तसंच. पण हे काम सोलरवाल्याकडूनच करून घ्या, दिवसा त्या डीसी वायरी कायम जिवंत असतात, मेन स्विच पाडला तरी पॅनेलकडून काही शे व्होल्ट येतच असतात.

प्रश्न : सर, मी बेळगावात एका एमआरआय सेंटरला टेक्निशियन आहे, दीड टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीन. पेशंटवर लक्ष राहावं म्हणून खोलीत कॅमेरा लावला, कॅमेरावाल्यानं ड्रिलनं भिंतीला बारा मिलिमीटरचं भोक पाडून वायर आत नेली आणि सिलिकॉन भरलं. त्या दिवसापासून इमेजवर ठिपक्याठिपक्यांची आडवी रेघ येते. सिलिकॉन बदलून काही होईल का?

उत्तर : नाही होणार. तुमच्या रंगवलेल्या भिंतीच्या आत तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा अखंड पिंजरा आहे, आणि दीड टेस्लाला मशीन ऐकत असतं ती फ्रिक्वेन्सी साधारण ६४ मेगाहर्ट्झ. शरीरातून येणारा सिग्नल इतका बारीक असतो की बाहेरचं काहीही आत आलेलं चालत नाही. अशा पिंजऱ्याकडून बहुतेक वेळा ९० ते १०० डेसिबल इतका अडथळा मागतात, १०० डेसिबल म्हणजे बाहेर एक लाख व्होल्ट असेल तर आत एक. तुम्ही सांगताय ती ठिपक्यांची रेघ म्हणजे झिपर, बाहेरची आरएफ, म्हणजे रेडिओ लहर, आत शिरल्याची ओळखीची खूण.

आणि इथंही दोष भोकाचा कमी, वायरचा जास्त. ६४ मेगाहर्ट्झची लहर साडेचार मीटरच्या वर लांब असते, तिला बारा मिलिमीटरच्या भोकातून नुसतं आत येणं अवघडच. पण त्यातून तांब्याची वायर गेली की ती बाहेर अँटेनासारखी सगळं गोळा करते आणि आत नेऊन सोडते, पिंजरा असून नसल्यासारखा.

आजच करायचं ते एवढंच, वायर पूर्ण बाहेर ओढून काढा, नुसता कॅमेरा बंद करून चालणार नाही. मग फँटम (पेशंटऐवजी ठेवायचा चाचणीचा नमुना) ठेवून स्कॅन करून बघा, रेघ गेली तर कारण पक्कं झालं. भोक मशीनच्या सर्व्हिस इंजिनिअरला दाखवून धातूनंच बंद करून घ्या, पिंजऱ्याचा पत्रा घासून, त्याच धातूचा ठिगळ सोल्डर करून किंवा वाहक गोंदाच्या तांब्याच्या टेपनं. तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आणू नका, आपल्याकडच्या दमट हवेत तो जोड दोन पावसाळ्यात पांढरा पडून सुटतो.

कॅमेरा हवाच असेल तर तो खोलीच्या बाहेर, काचेच्या खिडकीजवळ ठेवा, त्या काचेत जाळी असतेच. आतच हवा असेल तर सिग्नल ऑप्टिकल फायबरवरून न्यावा लागतो, पिंजऱ्याला सोल्डर केलेल्या पितळी नळीतून. बारा मिलिमीटर व्यासाच्या नळीतून साडेचौदा गिगाहर्ट्झच्या खालची लहर पुढं सरकतच नाही, आणि नळीची लांबी व्यासाच्या चौपट ठेवली तर शंभर डेसिबलच्या वर अडवते. फक्त त्या फायबरमध्ये धातूची तार किंवा आर्मर नको, नाहीतर नळीत परत वायर आल्यासारखंच झालं. आतल्या कॅमेऱ्याला वीज द्यायची तर ती भिंतीवरच्या पेनिट्रेशन पॅनेलच्या (पिंजऱ्यातून केबली आत घ्यायच्या ठरलेल्या जागेच्या) फिल्टरमधूनच, आणि कॅमेरा चुंबकाजवळ चालणारा आहे असं लेखी असल्याशिवाय तो दाराच्या आत नेऊच नका. काम झालं की पिंजऱ्याची आरएफ चाचणी करून घ्या आणि तो कागद मशीनच्या फाईलला लावून ठेवा.